अधिक अंगण

एल आल्तोला सकाळी साबणाचं पाणीही गोठतं.
मास्तर लाउरेआनो ते आधी स्टोव्हवर ठेवतात,
चहा मागून.

आरिकाच्या बंदरातून पिठाची पोती घेऊन
रात्रभर चढत आलेला सेवेरो कोल्के
दार आपटून उतरला.
"काटा दीडवर. खाली समुद्राशी दीड, इथेही दीड.
मग चढावर गाडी धापा का टाकते?
आणि धूर बघा, तव्याच्या बुडासारखा."

मास्तरांनी इंजिन बंद करायला लावलं.
काटा उतरत उतरत शून्याला टेकला.
"हे शून्य कुठलं?"
विचारलं मला, त्याला नाही.

मी तीन महिन्यांची शिकाऊ.
म्हटलं, शून्य म्हणजे शून्य, काही नाही.

"काही नाही कसं, वारा?"
(वारा माझं नाव. आमच्या आयमारात वारा म्हणजे चांदणी.)
"अंगणात जेवढी हवा आहे, तेवढी धरून हे शून्य.
काटा तिथून पुढे मोजतो.
आरिकात अंगणातच एक बार.
एक आणि दीड?"
अडीच.
"इथे अंगणात सहा दशांश. कर बेरीज."
मी ग्रीसच्या बोटाने पत्र्यावर केली.
दोन, आणि वर चिमूटभर.
डिझेल मात्र अडीचच्या भुकेने ओतलेलं.
उरलेलं काळं होऊन वर जातं.

सेवेरो पत्र्याकडे बघत राहिला.
उधारीची वही दाखवावी तसा.

तरी मास्तरांनी होसमध्ये हवा भरायला लावली.
मी कोमट साबण फासत गेले,
क्लॅम्प, कोपर, इंटरकूलरचं तोंड.
खालच्या वळणावर, हात पोचत नाही तिथे,
एक बुडबुडा आला.
मग त्याच्या पोटातून दुसरा.

म्हणजे हेही होतंच.
टर्बो बिचारं जादा गरगरून गळती भरून काढत होतं,
काट्याला पत्ता लागू न देता.
(आई आठवली. नको आठवायला, होस बदलायचा होता.)

दुपारी सेवेरोने पाय दाबला.
काही नाही.
टाकून दिलेल्या धुराने आधी चाक फिरवायचं,
मग चाकाने हवा ओढायची,
एवढा वेळ तर द्यायलाच हवा.
मग शीळ आली, बारीक, स्वच्छ.

काटा दीडवर. तोच दीड.

मजुरी घेताना मास्तर घासाघीस करत होते.
मी केबिनमध्ये चढले
आणि काट्याच्या काचेखाली
खडूने लिहिलं:
अधिक अंगण.