एक माग लंगडतोय

त्या वर्षी वर्ल्ड कप आफ्रिकेत होता
आणि नीलमनगरात रात्री बारानंतर
दुसऱ्या पाळीहून सुटलेले आम्ही सात जण
अंगावरचा कापूस न झटकता
आमच्या एकाच खोलीत, टीव्हीसमोर.
फुटबॉल कुणालाच धड कळत नव्हता.
ऑफसाईडचं भांडण म्याकलच्या शंकरनं
पहिल्याच रात्री मिटवलं:
"पंच म्हणतोय ना? मग झालं की बे."

पण तो आवाज.
हजारो प्लास्टिकच्या तुताऱ्या, एकच सूर,
गोल होवो न होवो, वर नाही खाली नाही,
भुंग्यांचं मोहोळ कुणी पत्र्याच्या डब्यात कोंडावं तसा.
समालोचक वैतागलेला.
पेपरात आलं होतं, खेळाडूंना म्हणे
एकमेकांच्या हाका ऐकू येत नाहीत, बंदी घाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
यात बातमी काय?
कारखान्यात आम्ही ओठ वाचतो.
कांडी संपली, दोन बोटं.
सूत तुटलं, चिमूट.
मालक आला, मिशीवरून अंगठा
(मालकाला मिशी नाही, त्याच्या बापाला होती).

नायना जॉबर. बत्तीस वर्षं मागांच्या मधोमध.
डावा कान केव्हाच गेलेला,
उजव्यात फक्त जाड आवाज शिरायचे,
ट्रक, फटाके, आईचा राग.
मॅच बघायला तो पुढे बसायचा नाही.
उठला, टीव्हीच्या मागे गेला,
त्याच्या तापलेल्या कुबडावर तळहात ठेवला,
आजारी मागाच्या चौकटीवर ठेवतो तसाच,
आणि डोळे मिटले.

"एक माग लंगडतोय."

कुठे?
"डावीकडं. वरच्या अंगाला. मध्येच ठोका सोडतोय."

आम्ही पोट धरून हसलो.
आईच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
बोटं थांबली नाहीत, नऊशे बारा, नऊशे तेरा,
"कानाला टाळं," ती म्हणाली,
"आणि दुरुस्त्या आफ्रिकेच्या."

मग कॅमेरा प्रेक्षकांत फिरला.
डावीकडे, वरच्या रांगेत, एक म्हातारा.
डोक्यावर खाणीतलं हेल्मेट,
कापून, वाकवून, रंगवून त्याची केलेली शिंगं,
गळ्यात देशाचा टॉवेल.
तो फुंकायचा, थांबायचा, खोकायचा
छातीवर मूठ मारत,
परत फुंकायचा.

कुणी काही बोललं नाही.
शंकरनं विडी विझवली.

अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. पेनल्टी.
चेंडू पांढऱ्या ठिपक्यावर.
गोलकीपर हातमोज्यांवर थुंकला
आणि कोपऱ्यावरची डीपी उडाली.

टीव्ही गेला.
त्याबरोबर तिसऱ्या पाळीचे सगळे माग गेले,
आमच्या भिंतीपलीकडचे, गल्लीतले, मग पुढच्या गल्लीतले,
एकामागून एक, घसरत.
आमच्याकडे पोरं आवाजानं उठत नाहीत.
आवाज थांबला की उठतात.
नीलमनगर जागं झालं.
कुठं पाळण्यात रडणं, कुठं कडी,
कुणी अंधारातच विचारत होतं, काय झालं, कोण गेलं?

धाकट्या बालाजीनं फळीवर चाचपलं.
जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेची पिपाणी,
पाच रुपयांची, टोकाला चिरलेली.
फुंकली.
पुरवठा तुटलेल्या म्हशीसारखा आवाज.
आई ओरडली. त्यानं परत फुंकली.
दोन घरं सोडून दुसरी वाजली.
मग कुणी थाळी, कुणी डबा,
निलंगे मास्तरांच्या गच्चीवर शिट्टी,
कुणाच्या बाजूनं, कुणाविरुद्ध,
पेनल्टी बसली की बाहेर गेली,
काही ठाऊक नसताना
गल्ली जिंकल्यासारखी बोंबलत राहिली.

नायनाचा हात अजून टीव्हीवरच होता.
काच थंड होत चाललेली.
माझ्या दंडाला धरून त्यानं विचारलं,
"लाईट आली का रे?"

अंधारात ओठ वाचता येत नाहीत.
मी त्याचा तळहात उचलला
आणि आमच्या पत्र्याच्या दारावर ठेवला,
जिथं तो सगळा गोंगाट थरथरत होता.
तो बराच वेळ ऐकत उभा राहिला.