दोन अंश

वल्हं तुटलं ते पात्याच्या वर, चार बोटांवर.
मालो म्हणाला, लाट होती.
मी दांडा स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली धरला:
एका बाजूला कार्बनचे धागे ताणून तुटलेले,
दुसऱ्या बाजूला चिरडलेले.
लाट असं तोडत नाही.
असं तोडते खडकाची फट, तिच्यात अडकलेलं पातं
आणि वरून टाकलेला
पंधरा वर्षांच्या मुलाचा सगळा भार.

मी काही बोलले नाही.
नवं घ्यायचं तर दोनशे युरो,
आणि क्रोझोंच्या या टोकाला नोव्हेंबरात कोण येतं,
माझ्या क्रेपच्या गाडीची झडप अर्धीच उघडते.

दांड्याच्या पोटात घट्ट बसेल असं काहीतरी हवं होतं.
मोजपट्टी घेऊन घरभर फिरले.
लाटणं जाड. पडद्याची दांडी पोकळ.
शेवटी झाडू.
वीतभर कापला, घासला, घालून पाहिला, परत घासला,
भुसा कॉफीत पडला, तशीच प्यायले.
तुकडा ना सैल ना अडकून, असा आत सरकला
तेव्हा उगाच वाटलं,
कुणीतरी आत्ता बघायला हवं होतं.

पहिलं इपॉक्सी वाया गेलं.
दह्याच्या कपात कालवलं आणि काचकापड कातरत बसले,
तोवर कप तापला, धुरकटला, एका कुशीवर कलला
आणि बसल्या जागी दगड झाला.
शेजारचा तांगी,
चाळीस वर्षं बोटींच्या पोटाखाली उताणा काढलेला,
कुंपणापलीकडूनच म्हणाला:
खोल भांड्यात नको. साचलं की तापतं. पसरून ठेव.
आणि सार्डिनचा रिकामा डबा दिला, धुतलेला,
तरी वास होताच.

रात्री मालोला हाक मारली.
मूठ तू धर, पातं मी धरते.
एक डोळा मीट, दोन्हीकडून एकच रेघ दिसली पाहिजे.
लाकूड आत गेलं, राळ कडेने ओघळली, मी पुसत होते.

"आई, लाट नव्हती."
"ठाऊक आहे. सरळ धर."
"सुळ्याच्या खडकांत गेलो होतो. ओहोटीला."
"हं."
"भरती येईपर्यंत तिथेच बसलो होतो. दीड तास.
मग पालथा पडून, हातांनी वल्हवत आलो."

हे ठाऊक नव्हतं.
त्या दीड तासात मी काय करत होते, आठवत राहिले.
पीठ भिजवत होते. रेडिओ चालू होता.

कापड गुंडाळलं, वरून टेप, चिकट बाजू बाहेर,
इतकी आवळून की प्रत्येक वेढ्यातून थेंब फुटत होते.
खोलीत चौदा अंश, इपॉक्सीला वीस तरी हवेत,
म्हणून आळीपाळीने हेअर ड्रायर धरून बसलो.
त्या घरघरीत काही बोलता येत नव्हतं.
बरं झालं.

सकाळी टेप सोलली. ऐंशीचा पॉलिशपेपर,
मग दोनशे चाळीसचा, पाणी लावून.
सांधा बांबूच्या पेरासारखा जाड राहिला. राहू दे.
पण टेबलावर ठेवलं तर पातं मुठीशी जुळेना,
दोन अंश डावीकडे.
कधी झालं ते कळलं.
कुणाचा हात हलला ते नाही.
बहुधा माझा.

तांगी म्हणाला, कापून पुन्हा जोडू, तासाभराचं काम.
नको म्हटलं.

रविवारी मालो खाडीत उभा राहिला,
गुडघे किंचित वाकवून, आधी जरा घाबरत.
पूर्वी आठव्या-नवव्या फटक्याला बाजू बदलायचा,
आता पाचव्यालाच फळी वळू लागते.
मी धक्क्याच्या पायऱ्यांवर उभी राहून मोजत होते,
तीन, चार,
तो सुळ्यांकडे वळला नाही,
निदान मी बघत होते तोवर.

घरी झाडू वीतभर ठेंगणा झालाय.
केर आता वाकून काढावा लागतो,
आणि कपाटाखालचा, जो कधी दिसला नव्हता, तोही दिसतो.