भरलेलं कोठार

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, पेट्रोल पंपामागच्या दवाखान्यात
शुक्रवारी लॅबमध्ये मी एकटीच असते.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
व्हिसासाठी, साखरेसाठी, गुडघ्यांसाठी आलेली माणसं
बाही वर करतात आणि दुसरीकडे बघतात.

जांभळ्या झाकणाच्या नळ्या, आज एकतीस.
मशीनच्या आधी माझे डोळेच ओळखतात आता
कुठलं रक्त विटलंय.
तेरा.
कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं वय झालं,
कुणी काहीच म्हणत नाही,
तिसऱ्या मजल्याच्या खोलीकडे चढताना
मध्येच पायरीवर बसतो, एवढंच.
‘दमलो’ असं फॉर्मवर कुणी लिहीत नाही.
तो रकानाच नाही.

शर्फुद्दीन सोलकर, वय त्रेपन्न, वेळणेश्वरच्या अलीकडचा,
चोवीस वर्षं सळया बांधतोय.
दहा वर्षं साखर, आता मूत्रपिंडंही कुरकुरतात.
हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक.
खजूर झाले, बीट झालं,
मल्याळी केमिस्टने दिलेल्या गोळ्या झाल्या.
“संडास काली होतेय नुसती गो ताई, बाकी काय नाय.”

मी त्याला दुसरा आकडा दाखवला, साठ्याचा.
लोखंड आहे हो, भरपूर आहे.
शरीर ते सोडत नाही.
जुनं दुखणं घरात मुक्कामाला असलं
की ते कोठाराला कुलूप घालतं,
चोराच्या हाती लागू नये म्हणून.
चोर ओसरीवरच बसून राहतो
आणि घरातली उपाशी.

तो हसला.
“म्हंजे माज्या पासपोटासारखा.
हाय माजाच. कंपनीच्या कपाटात.”

यावर काय बोलायचं
हे आम्हाला शिकवलं नव्हतं.
कापूस दाबून धरा म्हटलं, दोन मिनिटं.
त्याने दहा धरला, बस येईपर्यंत,
समोरच्या यार्डात सळयांच्या ढिगाला टेकून,
ढिगाच्या सावलीएवढाच.

दुपारी मशीन मोकळं होतं.
सकाळी माझी मूठ मिटत नाही,
डब्याचं झाकण दातांनी उघडते,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
लातूरहून आई विचारते, आवाज असा का गं?
मी म्हणते, नेटवर्क.

डाव्या हाताने उजव्यात सुई घातली. दोनदा चुकली.

दहा पॉइंट चार.

म्हणजे बत्तीसात चौदा.
रजिस्टरमध्ये नावाच्या जागी पेन जरा अडलं,
मग झटकलं,
आणि लिहिलं.