गहाळ नोंद

फोन दिवसातून सहा वेळा किणकिणतो
आणि विचारतो, आत्ता, या क्षणी, किती बरं वाटतंय?
एक ते सात.
इसाफ्योर्दुरच्या एकशेबारा माणसांनी
दोन महिने उत्तर द्यायचं कबूल केलंय.
ती उत्तरं माझ्याकडे येतात,
आकुरेरीला, खिडकी नसलेल्या खोलीत,
आणि मी ती निवडते, पाखडते,
फोल वाटेल ते बाजूला काढते.

क्रमांक एकेचाळीस नेहमी चार लिहिते.
मासळीच्या कारखान्यात, सुरी हातात असताना चार.
बसची वाट बघताना चार.
रात्री साडेनऊला, चार.
मला वाटलं, अंगठा सवयीनं पडतोय.
तिच्या आकड्यापुढे मी पेन्सिलीनं लिहिलं:
भरवशाची नाही.

मग एकदा खालच्या चौकटीत,
जिथे कुणीच काही लिहीत नाही, तिथे तिनं लिहिलं:
माझं नाव रानवेग.
चार म्हणजे वाईट नव्हे.
चार म्हणजे हातमोजे कोरडे आहेत.
चार म्हणजे भावाचा फोन आला
आणि त्यानं पैसे मागितले नाहीत.
'हायसं' याला तुमच्याकडे आकडा नाही,
म्हणून चार.

पेन्सिल खोडली. खोडल्याचा डाग राहिला.

त्या गावात नोव्हेंबर सरता सरता
सूर्य डोंगराआड जातो.
दुपारी उजेड असतो, ऊन नसतं.
हा फरक तिथल्या पोरांनाही कळतो.
पंचवीस जानेवारीला, ढग नसले तर,
ऊन एका गल्लीत उतरतं, हातभर,
आणि घरोघरी कॉफी होते,
धिरड्यांसारखी पातळ गोड पोळी होते,
वर जॅम, वर साय.

प्राध्यापक म्हणाले होते, त्या दिवशी लक्ष ठेव,
आकडा चढतो का बघ.
मी हावरटासारखी बसले.
नऊ वाजता: चार.
साडेअकरा: चार.
दीड: काही नाही.
साडेतीन: काही नाही.
साडेसहा: चार.
हवामानाची नोंद काढून पाहिली.
दिवसभर आभाळ भरलेलं. ऊन आलंच नव्हतं.

रात्री चौकटीत तिचं लांबलचक आलं:
सुट्टी घेतली होती. सूर्य नाही तर नाही,
पीठ भिजवलेलं होतं.
वरच्या मजल्यावरची दानूता आली,
तीन वर्षांत पहिल्यांदा.
तिची पोलिश मला येत नाही, माझी भाषा तिला येत नाही.
पहिलं धिरडं फाटलं.
दुसरं उलटायला तिनं तवा हातात घेतला
आणि ते गेलं थेट रेडिओवर.
आम्ही हसलो.
म्हणजे मला खुर्ची धरावी लागली,
आणि ती तर खालीच बसली, जमिनीवर, तव्यासकट.
फोन कुठल्या खोलीत होता कोण जाणे.
घंटा ऐकू आली नाही. माफ करा.

माफ्या मी पुष्कळ वाचल्या आहेत.
झोपलो होतो. प्यायलो होतो. बॅटरी संपली.
अशी नव्हती वाचली.

नियम असा आहे:
रिकाम्या जागी नऊशे नव्व्याण्णव घालायचं,
मग यंत्र ती जागा सरासरीत धरत नाही.
मी घातलं. दोनदा.
सरासरी चार, आलेख सपाट,
कुणी बघितलं तर म्हणेल, बिचारी.

मग उगाचच
बाकीच्यांच्या रिकाम्या जागा उघडत बसले,
तेराशेच्या वर निघाल्या.
बहुतेक बॅटरीच असणार, मला कळतं.
तरी एकेकीवर बोट ठेवून
थांबत होते, दारावर कान लावावा तशी.

साडेनऊला माझाच फोन किणकिणला.
चाचणीसाठी मीही नाव घातलं होतं, क्रमांक शून्य,
आणि काढून टाकायचं राहून गेलं होतं.
किती बरं वाटतंय?
मी घरी होते. कपाटात पीठ होतं.
अंडी नव्हती.
कोपऱ्यावरचं दुकान दहाला बंद होतं.
मी बूट शोधू लागले.