नुसता निर्वाळा

या खोलीत पूर्वी दात काढत.
दवाखाना नव्या इमारतीत गेला, आमचं ओजिब्वे कोर्ट इथे आलं,
पण ऑगस्टात उकडलं की भिंतींना अजून लवंगेचा वास सुटतो.
मी कारकून. शिक्के, तारखा, कॉफी
आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यात दारापुढचा बर्फ,
सगळं माझ्याकडे.

व्हर्ना बोशे आली तेव्हा अर्जावर एकच ओळ होती:
तळ्याचा पूर्वेकडचा उतार आम्हाला खुला आहे की नाही, ते सांगा.
भरपाईचा रकाना कोरा.
मी म्हटलं, आजी, इथे काहीतरी मागावं लागतं.
ती म्हणाली, मागितलंय की.

मे महिन्यात रिसॉर्टवाल्यानं दोन खांब रोवले,
मध्ये साखळी.
अजून कुणी कुणाला अडवलेलं नाही.
तळ्यातल्या रानतांदळाचा, आमच्या मनोमिनचा,
दाणा चिकात आहे.
भांडणही चिकात.

डुलुथहून वकील आला, हॅल्वोर्सन,
सभ्य माणूस, दाराशी बूट नीट पुसणारा.
म्हणाला, जखमच नाही तर पट्टी कशाला?
आणि तुमच्या संहितेत, पहिल्या पानापासून दोनशे बाराव्यापर्यंत,
नुसतं जाहीर करण्याचा अधिकार कुठं लिहिलाय
ते बोट ठेवून दाखवा.

न्यायाधीश मार्व्हेल आयशम यांनी संहिता उघडली.
तिथे काही नाही, हे मला ठाऊक होतं.
ती प्रत मीच छापून बांधली होती, दोन पानं उलटी लागलीत.
त्यांनी चष्मा काढला आणि व्हर्नालाच विचारलं,
माझ्या बहिणीच्या नातवाला तुम्ही नाव दिलंत,
ते कोणत्या कलमाखाली?

कुणी हसलं नाही.
मला तो दिवस आठवला. तिने नाव पूर्वेला सांगितलं,
दक्षिणेला, पश्चिमेला, मग उत्तरेला,
आणि दर वेळी आम्ही सगळ्यांनी ते परत म्हटलं,
माझा उच्चार दोनदा चुकला.
कुणाला दंड नाही, कुणाला मुदत नाही,
पण त्यानंतर ते बाळ दुसरं कुणी होऊ शकत नव्हतं.

तो विधी झाला, निवाडा नव्हे, वकील म्हणाला.
असेल, त्या म्हणाल्या,
मला फरक शोधायला आठवडा द्या.

आठवड्यानं मी साडेतीन पानं टाइप केली.
"ज्याला भांडण तोडता येतं
त्याला ते पेटण्याआधी बोलताही येतं."
हे वाक्य त्यांनी खोडलं, परत घातलं, परत खोडलं.
शेवटी उरलं ते एवढंच:
उतार या लोकांना खुला होता, आहे.
न्यायालय कुणालाही काही करण्याचा हुकूम देत नाही.
न्यायालय सांगते.

शिक्का "सांगते"वरच बसला, जरा तिरका.

हॅल्वोर्सन आता फेडरल कोर्टात गेलाय.
तिथे विचारतील,
यांना सांगण्याचा अधिकार आहे, असं कुणी सांगितलं?
फाईल फुगत जाईल. टपालखर्च माझ्या वहीत.

सप्टेंबरात उतारावर गेले तर साखळी तशीच.
जिंकलो ना आपण, व्हर्नाचा नातू डेलन विचारत होता,
मग ही का?
ती गप्प. निवाड्याची प्रत
पावाच्या रिकाम्या पिशवीत घालून
तिने साखळीच्या मधोमध बांधली होती,
वाऱ्यावर फडफडत होती पिशवी,
आतला कागद मात्र कोरडा.

देवदाराच्या दोन काठ्या तिने त्याच्या हाती दिल्या.
झोडपायचं नाही, म्हणाली, थापटायचं.
पिकलेलं होडीत पडेल.
बाकीचं राहू दे, त्याला अजून वेळ आहे.

साखळीखालून होडी सरकवायला तिघं लागलो.
मागचं टोक माझ्या हातात होतं,
कारकुनानं कुणाची बाजू घ्यायची नसते, तरी.
सोमवार होता.
कोर्ट त्या दिवशी अकराला उघडलं.