काना

जिमखान्याच्या व्हरांड्यातला ड्रॉचा तक्ता मी लिहितो,
एकतीस वर्षं. अक्षर बरं आहे म्हणून.

खरं सांगतो, मानांकित मुलींची नावं
पुढच्या रकान्यांत आधीच पेन्सिलीनं घालून ठेवायचो,
थेट अंतिम फेरीपर्यंत.
मागाहून फक्त शाईनं गिरवायचं.
विजेतीचा रकाना तेवढा कोरा. देवासाठी.

यंदा पात्रता फेरीतून एक आली, वरळी कोळीवाड्याची.
लिहिलं : फाल्गुनी तंडेल.
असल्यांच्या पाचवीला पहिली फेरीच पुजलेली,
तिनं पाचवीलाच काढलं.
खोडरबर शोधण्यात माझा अर्धा तास गेला.

दुसऱ्या फेरीत विशेष काही नाही.
मग चौथी, देलनाझ. जिची सर्व्हिस बघायला
पलीकडचे म्हातारे आपलं डबल्स थांबवतात.
तीन तास चालली.
मागच्या इमारतीत कुकर लागले, उतरले,
टायब्रेक अकरा-नऊ.

बाप आत येत नसे.
फाटकाबाहेर बर्फाच्या टेम्पोला टेकून ऐकायचा :
टाळ्या कमी पडल्या
की गुण आपल्या पोरीचा.

शनिवारी पहिलीही गेली.
संध्याकाळी पाचव्यांदा तंडेल लिहीत होतो
तर मागून आवाज,
"काका, त-ला काना राहिलाय."
आठवडाभर का बोलली नाहीस?
"वाटलं, एका दिवसापुरतं
कशाला तुम्हाला त्रास."

जागा नव्हती.
त आणि ड-च्या फटीत चार ठिकाणी
चार काने घुसवले, तिरके, अंग चोरून.
पाचवा ऐसपैस काढला.

रविवारी समोर नाशिकची. तिलाही मानांकन नव्हतं,
दुसरीला तिनंच घरी पाठवलेलं.
फाल्गुनी हरली. सहा-दोन, सहा-तीन,
तास-सव्वातासात.
कुणाला पाडायचंय तेच तिला समजत नव्हतं,
असं मला वाटलं. मला टेनिस फारसं कळत नाही.

बाहेर बापालाही कळेना,
टाळ्या दोघींना सारख्याच.
शेवटी आला आत, चपला काढून,
तक्त्यापाशी.
विजेतीचं नाव वाचलं. मग आपलं,
पाचही ठिकाणी, बोट ठेवत.
चौथ्यापाशी थांबला. शाईखाली
पुसट काहीतरी अजून दिसत होतं.
"हे खाली कोण?"

म्हटलं,
या जिंकणार होत्या.