चौथा गज

ऑक्टोबर संपता संपता इरीच्या तळ्यावरून वारा सुटतो.
गॅरेजचं दार वीतभर उघडं असलं तरी आत शिरतो
आणि नळीतून येणारा गॅस उडवून नेतो.
मग जोडाला बारीक बारीक भोकं पडतात,
अनारशाला पडावी तशी जाळी.
अनारशाला पडली तर कौतुक.
इथे ग्राइंडर.

मागच्या दाराला चार पायऱ्या.
गेल्या फेब्रुवारीत तिसरीवरून श्रीरंग घसरला,
मनगटात आता दोन स्क्रू आहेत.
कठड्याचे कंत्राटदाराने अकराशे डॉलर सांगितले.
मी म्हटलं, मी करते.
श्रीरंग हसला नाही.
हसला असता तर बरं झालं असतं.

दिवसभर मी फार्मसीत गोळ्या मोजते,
पाच, दहा, पंधरा, वीस,
तिथे चूक चालत नाही.
रात्री चुकायला गॅरेजमध्ये येते.

कुंपणापलीकडे झेलिन्स्की,
एकोणचाळीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात.
डोळ्यांत आता साय धरली आहे.
जाडजूड कोट घालून घडीच्या खुर्चीत बसतो
आणि माझं वेल्डिंग ऐकतो.
"वायर जास्त सुटतेय."
"लांब गेलीस. जवळ ये."
"हां. आता असंच."
असंच म्हणजे
बेताच्या आचेवर भजी सोडली की येतो तो आवाज,
एकसारखा, न अडखळता.
फटफटलं तर काहीतरी बिनसलंय.

"उजेडाकडे काय बघतेस,
उजेड तर पाखरंही बघतात.
त्याच्या मागचं डबकं बघ."
तीन आठवडे मला डबकं दिसलं नाही.
मग एका मंगळवारी, काळ्या काचेतून,
नखाएवढं वितळलेलं तळं,
दोन्ही काठ भिजवत सरकणारं.
काठ भिजले की हात पुढे,
तोवर थांबायचं.
एवढंच होतं.
एवढ्यासाठी साडेचार किलो वायर गेली.

लोखंडाची काळी साल आधी घासून काढते,
रुपेरी अंग दिसेपर्यंत.
मग कच्चे टाके.
झेलिन्स्कीचा शब्द वेगळा आहे, मी कच्चे टाकेच म्हणते,
कारण ब्लाउज बेतताना हेच घालतात,
माप चुकलं तर उसवता यावं म्हणून.
आणि लोखंडही कोऱ्या सुती कापडासारखं आटतं,
एकाच बाजूने शिवत गेलं की वाकडं ओढतं.
थोडं इकडून, थोडं तिकडून,
मध्ये हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं.
(हे मी एकदा मोजा न घालता तपासलं.
अंगठ्यावर अजून खूण आहे.)

माझा सगळ्यांत देखणा जोड,
नाण्यांची चळत आडवी केल्यासारखा,
मी त्याच्या हातात दिला.
त्याने तो चाचपला, व्हाइसमध्ये आवळला,
आणि हातोडी घातली.
एका घावात निघाला.
खालची पट्टी कोरडी ठणठणीत.
वरचा धातू तिला शिवलाच नव्हता,
दोन्ही अर्थांनी.
"पोपडा," असं काहीसं तो म्हणाला
आणि जेवायला गेला.

मी करंट वाढवला.
नंतरचे जोड रुंद, जरा ओबडधोबड,
सहा घावांना वाकले, सुटले नाहीत.

कठडा पहिल्या बर्फाच्या आदल्या शनिवारी उभा राहिला.
अकरा गज, रंग बाकी.
श्रीरंगने चांगला हात धरून हलवला,
"हलत नाही," म्हणाला, आणि पुन्हा हलवला.
झेलिन्स्की कुंपणाला वळसा घालून आला.
पायऱ्या चढला, उतरला,
मग खाली वाकून एकेका गजाच्या बुडाशी
अंगठा फिरवत निघाला,
अक्षरं लागावीत तसा.
पहिला. दुसरा. तिसरा.
चौथ्यावर थांबला.
"इथे शिंक आली होती का?"

शिंक नव्हती. फोन वाजला होता.
आईचा, तिकडची पहाट,
आणि अशा वेळचा फोन म्हणून हात हलला होता;
तिला फक्त विचारायचं होतं
की इथे घड्याळं मागे केली का.

मी त्याला हो म्हटलं, शिंक.

तो गेल्यावर लांब वायर ओढून आणली,
श्रीरंगला म्हटलं, तू आत जा, ठिणग्या उडतील,
आणि चौथा गज
बुडापासून कापला.